ताडपत्र्या आत, अमृत बाहेर

तलासरीत भूकंपाचे धक्के बसू लागले, तशी माणसं अंगणात झोपू लागली आणि जो तो ताडपत्री मागू लागला. हार्डवेअरवाल्या अमृतकडे नेमके छताचे पंखेच भरलेले. चडफडत त्याने टेम्पोभर ताडपत्र्या आणल्या, तर मेले धक्केच थांबले!

"आई महालक्ष्मी, एकदा तरी हलव गं, हळूच!" वैतागून त्याने हात जोडले.

संध्याकाळी जमीन खरंच हलली. दुकानासमोर ही झुंबड उडाली. "शेठ, ताडपत्र्या काढा!"

बायको चंपा म्हणाली, "अहो, जा ना आत."

रस्त्यापलीकडे पळून उभा राहिलेला अमृत तिच्यावर खेकसला, "डोकं फिरलंय का तुझं? छत अंगावर पडलं म्हणजे?"