उलट्या क्लिपा

फजलभाईंनी जाळीची वायर आवळणाऱ्या क्लिपेच्या नटावर अंगठा ठेवला, दोन बोटांत वायर धरून जरा पिळून पाहिली आणि ते तिथेच उकिडवे बसले. मग त्यांनी शेजारची क्लिप पाहिली. तिच्या शेजारचीही पाहिली.

"ओ चाचा, तिकडे नका बसू," वर दोराला लोंबकळणारा मिथुन ओरडला. "दगड येतो कधी कधी."

"म्हणूनच बसलोय," फजलभाई म्हणाले. "तुझ्या मॅडमला बोलव."

दिघ्याच्या डोंगराची ती बाजू खाणीसाठी कापलेली होती. खाण बंद होऊन वर्षं झाली तरी दगड सुटे होऊन खाली यायचे थांबले नव्हते. पायथ्याला चाळीसेक घरं आणि एक बालवाडी. म्हणून महिनाभर त्या उघड्या कड्यावर लोखंडी जाळी पांघरायचं काम चाललं होतं. सुटलेला दगड जाळीच्या आतून घसरत तळाच्या चरात पडावा, घरांवर उडू नये, एवढाच तिचा उपयोग. फजलभाई ऐरोलीहून रोज सकाळी इथवर चालत यायचे. छत्तीस वर्षं मालवाहू बोटींवर काढलेला हा श्रीवर्धनचा माणूस निवृत्तीनंतर डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे चालत होता, आणि चालून त्याला कंटाळा आला होता.

साइटची इंजिनिअर अस्मिता हेल्मेटचा पट्टा आवळत आली. सत्तावीस-अठ्ठावीसची असेल.

"काका, बोर्ड वाचला नाही का? इथं यायला मनाई आहे."

"वाचला, बेटा. पण या क्लिपा उलट्या लागल्यात."

"एकेक नट मी स्वतः पान्यानं तपासलाय."

"नट बरोबर आहेत. बाजू चुकलीय."

त्यांनी खिशातला रुमाल काढला, पिळून त्याचा दोर केला आणि बोटाभोवती वळवला. "हा भाग भार घेतो. हे सुटं टोक. क्लिपेचा वाकडा बोल्ट सुट्या टोकावर बसला पायजे. तुमच्याकडे तो भाराच्या वायरला चावतोय. आज धरेल. मोठा दगड आला, की वायर तिथंच चेपणार आणि सरकणार."

अस्मितानं फोनवर कामाचा नकाशा उघडला, दोन बोटांनी मोठा केला आणि समोरच्या क्लिपेशी ताडून पाहिला. मिथुन दोरावरून उतरून जवळ आला.

"किती आहेत रे एकूण?" तिनं विचारलं.

"एकशे बारा."

"सगळ्यांवर माझी सही आहे," ती हळूच म्हणाली.

बोटीवर फजलभाईंनी कितीक साहेबांना या जागी उभं राहिलेलं पाहिलं होतं. काही जण लगेच इकडेतिकडे बघत, कोणाच्या नावावर हे घालता येईल म्हणून. अस्मितानं हेल्मेट काढून कपाळ पुसलं आणि पुन्हा घातलं.

"मिथुन, सगळ्या काढायच्या. एकेक करून. ऑफिसला मी कळवते." मग फजलभाईंकडे वळून म्हणाली, "काका, पहिली लावून दाखवाल?"

पहिली लावून झाल्यावर दुसरीही त्यांनीच लावली. दुसऱ्या दिवशी ते साडेसहालाच हजर झाले. जड काही उचलत नव्हते, वर चढत नव्हते. खाली स्टुलावर बसून मुलांना हाताचा अंदाज शिकवत होते, चुकलं की पान्यानं पाइपावर टकटक करत होते. ग्रीसचा वास नाकात गेला की त्यांना भूक लागायची. कित्येक महिन्यांनी ते दोन भाकऱ्या जेवू लागले.

पाचव्या दिवशी त्यांच्या बायकोनं, मेहरुननं, त्यांचा कुर्ता धुवायला घेतला आणि बाहीला नाक लावलं.

"चालायला जाता की गॅरेजला?"

फजलभाईंनी सगळं सांगितलं. छातीत स्टेंट बसवल्यापासून ती त्यांच्या हातून पाण्याची कळशीसुद्धा काढून घेत असे. तिनं ऐकता ऐकता कुर्ता बादलीत बुडवला.

"उद्या मी पण येते," एवढंच म्हणाली.

आता ही मॅडमशी भांडणार, हे धरूनच फजलभाई सकाळी तिच्याबरोबर रिक्षात बसले.

एव्हाना सगळ्या क्लिपा नव्यानं लागल्या होत्या. त्या दिवशी कड्याच्या माथ्यावरचा, वॉशिंग मशीनएवढा एक सुटा दगड मुद्दाम पाडायचा होता. घरं रिकामी केली होती. सगळी वस्ती दूर रस्त्यापलीकडे उभी होती, आणि कोणी कडेवरच्या पोराला बिस्किट भरवत होतं, कोणी स्टुलं मांडून जत्रेसारखं बसलं होतं. अस्मितानं शिटी वाजवली. मिथुननं वर दगडाखाली पहार घातली.

दगड हलला, थांबला आणि सुटला. जाळी पोटासारखी फुगली. सगळ्या वायरी एकदम ताणल्या गेल्या, डोंगरातून गुरगुरल्यासारखा आवाज आला आणि दगड आतल्या आत घसरत, धूळ उडवत तळाच्या चरात जाऊन पडला. रस्त्यावर एक खडासुद्धा आला नाही. मग बालवाडीची पोरं टाळ्या पिटायला लागली आणि त्यांच्यामागून सगळेच.

फजलभाई धुळीतून वरच्या वायरी बघत होते. एकही सरकली नव्हती.

"बोटीवर तुमी हेच करायचात?" मेहरुननं विचारलं.

"हेच. सामान बांधायचं. कंटेनर, लाकडं, लोखंडी पाइप. सुटलं तर माणूस जायचा."

ती जाळीकडे बघत राहिली.

"मला वाटायचं, तुमी खुर्ची टाकून समुद्र बघत बसता. फोटो सगळे तसलेच पाठवायचात."

"काम करताना फोटो कोण काढणार?"

"इकडे पोरं तापानं फणफणायची, छप्पर गळायचं. आणि मी त्या खुर्चीवर राग धरून बसलेली. छत्तीस वर्षं." तिनं पदराच्या टोकानं डोळ्यातली धूळ काढली आणि एकाएकी तिला हसू फुटलं. मग फजलभाईही हसले.

लोक घरांकडे परतू लागले होते. पहिल्याच घरातल्या बाईनं दोघांना हाक मारून ओट्यावर बसवलं, चहा आणला.

"चाचा कंपनीचे काय हो?" तिनं मेहरुनला विचारलं.

"नाय. आमचे हे बोसन होते. मोठ्या बोटीवर."

"बोसन म्हणजे?"

मेहरुननं कप खाली ठेवला, ओट्यावर पाय वर घेऊन नीट मांडी घातली.

"बसा," ती म्हणाली, "सांगते."