उबेने मारलेले तळघर

मी आग्राफेना म्हातारीच्या अंगणातले तळघर बोलतोय. आवाज दबका येईल, कारण मी तोंडापर्यंत गच्च भरलेला आहे. राग मात्र दबलेला नाही, तेव्हा माझ्याकडून गोड बोलण्याची अपेक्षा ठेवू नका.

आमचा रशिया एवढा अवाढव्य, की या टोकाला जेवणे उरकतात तेव्हा त्या टोकाला लोक डोळे चोळत उठतात. त्यातला अर्ध्याहून जास्त देश खालून कायमचा गोठलेला आहे. कारभार मात्र चालतो पश्चिमेकडच्या मऊ मातीच्या शहरांतून. तिथल्यांना वाटते, जमीन म्हणजे जमीन, तिची कसली काळजी घ्यायची! इकडे याकुतियात उन्हाळ्यात वरची चार-पाच वीत माती सैल होते, गवत वाढते, डास गाईगुरांना वेडे करतात. त्याखाली मात्र सगळे दगडासारखे घट्ट. त्या घट्टपणाच्या भरवशावर आमची घरे उभी असतात.

मला आग्राफेनाच्या नवऱ्याने, दोरोफेयने खणले. इथे नुसत्या कुदळीने खणता येत नाही. जाळ करायचा, वीतभर माती सुटली की उपसायची, पुन्हा जाळ करायचा. दोन उन्हाळे तो माझ्यात राबत होता. शेवटच्या दिवशी आग्राफेनाने तळाशी गरम धिरड्याचा तुकडा ठेवला आणि म्हणाली, "जमिनी, तुझ्या पोटात घर केलंय. रागावू नकोस." तेव्हा जमीन रागावली नाही.

माझे काम सोपे होते. इथल्या तळ्याचे पाणी उन्हाळ्यात तांबूस होते आणि चिखलासारखे लागते. म्हणून हिवाळ्याच्या सुरुवातीला तळे चांगले गोठले, की सगळी आळी करवती घेऊन निघते. लाद्या कापून घसरगाडीवरून आणतात आणि माझ्यात रचतात. मग ऐन जुलैतही एक लादी फोडायची, चुलीजवळ बादलीत वितळवायची आणि दूध घालून चहा करायचा. घोड्याचे मांस, मासे, गोठवलेली साय, सगळे माझ्याच हवाली. मी कधी एक मासा नासू दिला नाही. कुणी शाबासकी दिली नाही, ते सोडा.

बदल्यात मला एकच हवे असे, थंडी. हिवाळ्यात दोरोफेय माझे झाकण उघडे टाकी आणि डोक्यावरचे हिम झाडून काढी, कारण हिम रजईसारखे असते, खाली गारवा उतरू देत नाही. तो गेल्यावर आग्राफेना ते करू लागली. कंबर धरून करायची, पण करायची.

मग एका जानेवारीत ती संडासाकडे जाताना अंगणात घसरली. उणे पन्नास तापमान. शेजारच्या स्पिरिदोनने वेळेवर पाहिले म्हणून वाचली. तिचा मुलगा केस्किल याकुत्स्क शहरातून धावत आला.

"आई, आता बास. चल माझ्याकडे. पाचवा मजला, गरम पाणी, संडास घरात."

"पाचव्या मजल्यावर मी काय कबूतर पाळू?" म्हातारी म्हणाली. "मी इथंच राहणार. तुला एवढा पुळका आलाय ना, मग तो संडास इकडे आण!"

पोराने खरेच आणला. त्या उन्हाळ्यात घराच्या मागच्या बाजूला न्हाणीघर बांधले, विजेवर पाणी तापवायची टाकी बसवली. प्रश्न उरला सांडपाण्याचा. नळी दूर गोठ्यापलीकडे न्यावी तर ती वाटेतच गोठणार. जवळ सोडावी तर जमीन वितळणार. इथे माणसाला दोन्हीकडून मार असतो.

"तळघराच्या जवळ नको रे," म्हातारी म्हणाली.

"आई, एकट्या बाईचं पाणी ते कितीसं? दोन बादल्या. एवढ्यानं काय होतंय?"

हिशेब चुकीचा नव्हता. म्हातारीने मान डोलावली आणि माझ्यापासून दहा पावलांवर शोषखड्डा खणला गेला.

पण हे घर एकट्या बाईचे राहिले कुठे? गावच्या न्हाणीघरात आठवड्यातून एकदा पाणी तापे. इथे रोज! स्पिरिदोन टॉवेल खांद्यावर टाकून पहिला हजर झाला.

"काय आग्राफेना, राणीसाहेबांचा दरबार भरलाय म्हणे?"

"ये बाबा, ये. तुझ्या अंगाचा वास रस्त्यापर्यंत येतो, गावावर उपकार होतील."

मग त्याची बायको आली, सुना आल्या, नातवंडे आली. ज्याने माझा जीव वाचवला त्याच्या घरच्यांना नाही कसे म्हणू, असे म्हातारी म्हणे. मन मोठे होते तिचे. माझ्या भिंती तेवढ्या मोठ्या नव्हत्या. न्हाऊन लाल झालेली माणसे तिच्या स्वयंपाकघरात बसून माझ्याच बर्फाचा चहा पीत आणि म्हणत, वा, असं पाणी शहरात मिळायचं नाही! मला तेव्हा त्या सगळ्यांची घृणा वाटे.

दोन हिवाळे म्हातारीने माझे झाकण उघडले. वरून थंडी येई, पण बाजूने, शोषखड्ड्याकडून, ऊब झिरपत होती. मला ती आधी कळली. मला ओरडता आले नाही.

पुढच्या जुलैत ती लादी न्यायला शिडीवरून उतरली आणि तिचा बूट पाण्यात बुडाला. लाद्यांचे कोपरे गोल झाले होते. मांसाला वास सुटला होता. पाण्यावर साबणाचा फेस तरंगत होता. ती शिडीच्या पायरीवर बसली आणि भिंतीवर हात फिरवत राहिली. ओली माती तिच्या बोटांना लागून आली.

केस्किल आला. दोघे झाकणापाशी भांडले.

"तूच म्हणालास, एवढ्यानं काय होतंय!"

"तू सगळ्या आळीला आंघोळी घालशील, हे मला काय ठाऊक?"

"मग काय दाराला कुलूप लावून आंघोळ करायची होती मी?"

ऑगस्टात घराचा मागचा कोपरा खचला, दार चौकटीत बसेना. येत्या हिवाळ्यात त्या घरात राहणे शक्य नव्हते. जिने जाऊ नये म्हणून सगळा घाट घातला, ती मुलाकडे शहरात गेली. स्पिरिदोनने गाठोडी उचलून गाडीत ठेवली आणि म्हणाला, "आग्राफेना, आम्हीच बुडवलं गं तुला." ती म्हणाली, "गप. दार ओढून घे." दार ओढले जात नव्हते.

आता पुन्हा हिवाळा आहे. माझ्यात साचलेले सगळे पाणी गोठले आहे, तळापासून झाकणापर्यंत. ज्यांच्या अंगणात अजून धड तळघर आहे, त्यांनी माझ्याकडे एकदा बघून जावे आणि आपले सांडपाणी दूर न्यावे, नळी गोठली तरी चालेल.

आणि म्हातारे, तू कधी परत आलीसच, तर ऐक. आयुष्यात एवढा बर्फ माझ्यात कधी नव्हता. पण त्याचा चहा करू नकोस.