फलाट कोरडा आहे

साहेब, तुम्ही बहिरेपणा विकलात आणि वर खोक्यावर गुण म्हणून छापलात. 'बाहेरचा एकही आवाज आत येणार नाही.' ठळक अक्षरांत, चकचकीत कागदावर. ज्या घरात एक म्हातारा माणूस आतल्या खोलीतून हाका मारतो, त्या घरात या गुणाचं काय होतं, ते तपासायला तुमच्या कारखान्यात एकही टेबल नव्हतं. माझ्या कानात शिट्टी वाजवून पाहिलीत, माइकपाशी टाळी वाजवलीत, 'पास' असा शिक्का मारलात आणि मोकळे झालात.

मित्रांनो, मी एक जुना हेडफोन आहे. माझ्या गाद्यांचं कातडं सुटलंय, एका कानाला चिकटपट्टी आहे, वायर मुळाशी मोडत आलीय. माझ्या जन्माची गोष्ट लांबवण्यासारखी नाही. हजारो भावंडांबरोबर जन्मलो, दुकानातल्या काचेमागे लटकलो आणि एका चष्मेवाल्याच्या डोक्यावर येऊन बसलो.

चष्मेवाला म्हणजे दुकानाचा मालक नव्हे. मागच्या खोलीत बसून भिंगांच्या कडा घासून ती फ्रेममध्ये बसवणारा. दिवसभर त्याच्याशी कोणी बोलत नसे. गिऱ्हाईक पुढे, मशीन मागे. संध्याकाळी घरी यायचा तेव्हा त्याच्या नखांत काचेची पांढरी भुकटी असायची आणि जिभेवर दिवसभराचं न बोललेलं साचलेलं असायचं. घरात दोघंच. तो आणि त्याचे बाबा. आई गेल्यापासून घरातलं बोलणं बाबांच्याच वाट्याला आलं होतं आणि त्यांना ते जड नव्हतं, कारण त्यांचा जन्मच माइकसमोर गेला होता. बसस्थानकावर गाड्यांच्या घोषणा करायचे ते. निवृत्त झाले तरी आवाज निवृत्त झाला नव्हता. सकाळी स्वयंपाकघरातून घोषणा व्हायची, "प्रवाशांनी लक्ष द्यावे. चहाची गाडी फलाटावर लागली आहे. साखर कमी आहे, याची नोंद घ्यावी."

संध्याकाळी चष्मेवाला मला डोक्यावर चढवायचा आणि खेळात शिरायचा. बर्फाच्या डोंगरातून चौघांनी मिळून एक गाडा ओढत न्यायचा, वाटेत लांडगे येतात, असा तो खेळ. बाकीचे तिघे आपापल्या घरी, आपापल्या पडद्यासमोर. एक हॉस्पिटलात नर्स, तिला सगळे सिस्टर म्हणायचे. दुसरा बेकरीत भट्टी सांभाळायचा, तो पाववाला. तिसरा गाडी चालवायला शिकवायचा, त्याचं नाव क्लच. क्लच वयानं मोठा, म्हणून आवाजही त्याचाच मोठा.

या चौघांची एक रीत होती. गाडा हलवण्याआधी खेळातल्या शेकोटीपाशी जमायचं. जो आला त्यानं लांब बटण दोनदा दाबून आपल्या बाहुल्याला दोन उड्या मारायला लावायच्या, म्हणजे तो हजर. मग एकेकानं आज काय घडलं ते सांगायचं. त्याला ते हजेरी म्हणत. आणि हजेरीला एकच नियम होता. कोणी कोणाला सल्ला द्यायचा नाही. जो देईल त्यानं गाड्याच्या पुढे चालायचं, म्हणजे लांडग्यांच्या तोंडी पहिला तोच.

"आज एका आजोबांनी मला लग्नाची मागणी घातली," सिस्टर म्हणायची. "शेजारच्या खाटेवर आजी होत्या. त्या म्हणाल्या, घेऊन जा बाई, मी सुटेन."

"माझ्याकडे शिकणाऱ्या बाईंनी आज ब्रेक समजून माझा पाय दाबला," क्लच सांगायचा. "वर मलाच म्हणतात, गाडी थांबत का नाही?"

सगळे हसायचे. आमच्या चष्मेवाल्याची पाळी आली की तो म्हणायचा, "काही नाही. भिंगं." आणि शेकोटीपाशी शांतता व्हायची. तिथे कोणी वाईट नव्हतं, पण 'काही नाही'वर किती दिवस हसणार? हळूहळू त्याची पाळी शेवटी येऊ लागली. मग कधी कधी येईनाशी झाली. त्याच्या कानशिलाची नस माझ्या गादीखाली उडायची, ती मला कळायची.

एकदा त्यानं ती चहाची घोषणा करून दाखवली. बाबांच्याच आवाजात, शेवटी तसाच हेल काढून. मित्रांनो, काय हसले ते! पाववाल्याला ठसका लागला. "अजून एक, अजून एक!" त्या संध्याकाळी त्याचं नाव पडलं, नकल्या. आणि दुसऱ्या दिवसापासून हजेरीत पहिली पाळी त्याची.

इथवर सगळं गोड होतं. बाबांनी ऐकलं असतं तर तेही हसले असते.

पण बाबांचे शब्द हळूहळू गळायला लागले. चष्म्याला ते 'तिकीट' म्हणू लागले. खालच्या दुकानात गेले आणि घराकडे यायचं सोडून भलत्याच जिन्यात उभे राहिले. गेलेल्या बायकोला हाक मारून विचारू लागले, "जेवलीस का ग?" पोरगा घाबरायचा. मला माहीत आहे, मी त्याच्या डोक्यावर होतो. पण त्या भीतीचं तो काय करायचा? तिला विदूषकाचे कपडे घालायचा आणि शेकोटीपाशी नाचवायचा.

"आज बाबांनी काय केलं माहितेय? जिन्यात उभं राहून घोषणा, 'वाहक कुठे आहे, वाहक?'"

फक्त सिस्टर एकदा हसली नाही. म्हणाली, "हे ऐक. यात हसण्यासारखं काही नाही. एकदा डॉक्टरांना दाखव त्यांना."

"सल्ला! सल्ला!" पाववाला ओरडला. "सिस्टर पुढे!"

"नियम म्हणजे नियम," क्लच म्हणाला.

सिस्टर गाड्याच्या पुढे चालू लागली. लांडग्यांनी तिला फाडली, सगळे खदखदा हसले, आणि तिचं वाक्यही तिथेच बर्फात गाडलं गेलं. नकल्या सगळ्यांत मोठ्यानं हसला. त्याला सुटल्यासारखं वाटलं होतं.

आता जे सांगणार आहे ते सांगताना माझी वायर आखडते.

एका सकाळी बाबांचं अंथरूण ओलं झालं. ते भिंतीकडे तोंड करून बसून राहिले होते. पोरानं काही न बोलता चादर काढली, गादी उन्हात टाकली, त्यांना आंघोळ घातली. चांगलं केलं, खोटं कशाला बोलू? मी टेबलावर होतो, दार उघडं होतं, सगळं ऐकलं. बाबा म्हणाले, "हे आपल्या दोघांत राहू दे रे. कोणाला सांगू नकोस."

"हो बाबा," तो म्हणाला.

आणि संध्याकाळी शेकोटीपाशी त्यानं दोन उड्या मारल्या आणि बाबांच्या आवाजात घोषणा केली, "प्रवाशांनी लक्ष द्यावे. फलाट ओला आहे. प्रवाशांनी जपून उतरावे." मग ओल्या अंथरुणाचंही सांगून टाकलं.

तो आवाज माझ्या माइकमधून गेला, साहेब. जसाच्या तसा. एक अक्षर तुटलं नाही. तुमच्या 'पास' शिक्क्याला मी जागलो. कधी नव्हे ते वाटलं, माझी वायर तेव्हाच का नाही तुटली?

पुढे रोजचंच झालं. "काय नकल्या, फलाट ओला की कोरडा?" ही हजेरीची सुरुवात. इकडे बाबा आतून हाका मारायचे, माझ्या जाड गाद्यांपाशी येऊन त्या हाका मरायच्या. मग बाबा स्वतःच भिंत धरून यायचे, पोराच्या पाठीकडे बघायचे. पाठ हसून हलत असायची. पोरगं आनंदात आहे, म्हणून तेही हसायचे आणि परत जायचे.

मग तो दिवस आला. सगळे अजून जमायचे होते. खालून कोणीतरी ओरडलं, "अहो, टाकी वाहतेय, मोटर बंद करा!" मला टेबलावर ठेवून पोरगा धावला. बाबा फडकं घेऊन आले. धूळ पुसायची त्यांना आवड होती, हात अजून काही विसरले नव्हते. त्यांनी पडदा पुसला, टेबल पुसलं, मग बटणं पुसायला घेतली. फडकं लांब बटणावरून गेलं, परत आलं.

पडद्यावर बाहुल्यानं दोन उड्या मारल्या.

"आला रे आला!" माझ्या कानांतून आवाज सांडला. "नकल्या, ए नकल्या! बोल की!"

माइकवर कोणी बोलावतंय आणि आपण ओ द्यायची नाही, हे बाबांना आयुष्यात जमलं नव्हतं. त्यांनी मला उचललं, आधी माइक पुसला, मग डोक्यावर घातलं. इतक्या नीट मला कोणी कधी घातलं नव्हतं.

"काय रे," पाववाला म्हणाला, "आज फलाट ओला की कोरडा? बापानं बुडवली की नाही गादी?"

"थांब, आवाज काढून सांगू दे त्याला," क्लच हसत म्हणाला. "आवाजाशिवाय मजा नाही."

 बाबांच्या कानांची धग मला लागत होती. त्यांना बरंच काही आठवत नसे, मित्रांनो, पण हे कळलं. सगळं कळलं. मग ते ताठ बसले, माइक ओठांपासून चार बोटं लांब धरला आणि जुन्या, भरदार, न अडखळणाऱ्या आवाजात म्हणाले,

"नकल्या खाली गेलाय. मी त्याचा बाप बोलतोय. फलाट कोरडा आहे. आपल्याला झालेल्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत."

दारात पोरगा उभा होता. हाताला टाकीचं पाणी, तोंडाला रंग नाही. बाबांनी मला काढलं, वायर न पिळता टेबलावर ठेवलं आणि त्याच्याकडे न बघता आत गेले.

त्यानं मला कानाला लावलं. पाववाला म्हणत होता, "अरे, मला काय माहीत ते... आधी सांगायचं ना!"

"काय सांगायचं?" क्लचचा आवाज पहिल्यांदाच लहान झाला होता. "त्यानं रोज सांगितलं. आपण हसलो."

सिस्टर म्हणाली, "नकल्या, मी सल्ला देतेय. खाऊ देत मला लांडग्यांना. ऊठ आणि आत जा."

तो उठला नाही. लाजेनं माणूस मेल्याहून मेल्यासारखा होतो म्हणतात, पण मेलेला निदान पाठ फिरवून बसत नाही. तो मला मुठीत धरून अंधार होईपर्यंत बसला.

त्या दिवसापासून घरातल्या घोषणा थांबल्या. बाबा मान हलवून हो म्हणत, मान हलवून नाही म्हणत. शब्द तसेही गळतच होते. जे थोडे उरले होते, तेही त्यांनी पोरापासून लपवून ठेवले. आपण बोललो की ते कुठे जातं, हे आता त्यांना ठाऊक झालं होतं. पोरगा दुकानातून यायचा, दारात थांबून कान द्यायचा, आणि आत फक्त भांड्यांचा आवाज. डॉक्टरांना घरी घेऊन आला. डॉक्टरांनी विचारलं, "काय त्रास होतो आजोबा?" बाबांनी पोराकडे बोट दाखवलं. डॉक्टरांना वाटलं, त्याला विचारा म्हणतायत.

मी तेव्हापासून खिळ्याला टांगलेला आहे. मित्रांनो, माझ्या गाद्या पुसा, वायर नीट गुंडाळा, असलं मी तुम्हाला सांगणार नाही. मी तुटलो तर दुसरा मिळेल. कोणी तुम्हाला म्हणालं, 'आपल्या दोघांत राहू दे', तर ते पोटात ठेवा. झेपत नसेल तर तिथल्या तिथे नाही म्हणा. आणि मला घालून बसाल तेव्हा एक कान उघडा ठेवा.

काल सकाळी पोरानं चहा केला. कप घेऊन बाबांसमोर गेला. काय बोलावं ते सुचेना, म्हणून मूर्खानं जुनीच युक्ती काढली. बाबांच्या आवाजात, हेल काढून म्हणाला, "प्रवाशांनी लक्ष द्यावे. चहाची गाडी..."

बाबांनी वर पाहिलं. इतक्या दिवसांनी त्यांचे ओठ हलले.

"हाच का तो आवाज?"

पोरानं कप खाली ठेवला. "बाबा, चुकलं माझं."

"चुकलं ते मला कळलं. मी ते विचारत नाहीये." ते शब्द शोधत होते, एकेक ओढून काढत होते, आणि एकही शब्द चुकत नव्हता. "मी म्हणालो होतो, दोघांत ठेव. तू हो म्हणालास. नाही म्हणाला असतास तरी मी काय करणार होतो? मग हो का म्हणालास?"

चहावर साय धरत होती. 

"बोल. हो का म्हणालास?"