शेवटचा हयात शिक्षक

मरण सगळ्यांना सारखंच वागवतं. कोपरगावच्या आमच्या शाळेत मात्र ते आधी नेमणुकीचं वर्ष विचारतं.

यंदा शाळेला पन्नास वर्षं झाली. पहिल्या वर्षीच्या मास्तरांचा फोटो हेडमास्तरांच्या खोलीत आहे. खुर्च्यांवर सात जण, सातही पुरुष, सातांनीही पोटं आत ओढलेली. शिवणकामाच्या बाई तेव्हा फोटोग्राफरसाठी चहा टाकायला गेल्या होत्या. सातांपैकी पाच जण एकेक करून गेले. उरले इंग्रजीचे शरच्चंद्र निसळ, वय अठ्ठ्याहत्तर, आणि पी.टी.चे पुंजाराम वाबळे, वय शहात्तर.

निसळ सरांच्या घरी येऊन संस्थेचे सचिव वैजनाथराव कार्यक्रम समजावून गेले.

"सर, शेवटचा हयात शिक्षक म्हणून स्टेजवर खुर्ची. पाहुण्यांच्या शेजारी. भाषणाला पंधरा मिनिटं."

"आणि वाबळे?"

"तीच अडचण आहे. खुर्ची एकच उरलीय, बाकीच्या पुढाऱ्यांना गेल्या. दोघं असाल तर सत्कार खाली मांडवात, देणगीदारांबरोबर. भाषण नाही."

सरांचं भाषण तीस वर्षांपासून तयार होतं. विषय, 'सर्व्हाइव्ह' हे क्रियापद. दहावीच्या प्रत्येक वर्गाने ते तुकड्यातुकड्यांनी ऐकलं होतं, पण मन लावून कोणी ऐकलं नव्हतं. लॅटिनमध्ये 'सुपर' म्हणजे वर, पलीकडे; 'विवेरे' म्हणजे जगणं. तिथून फ्रेंचात, फ्रेंचातून इंग्रजीत. "पुरातून वाचला, अपघातातून वाचला, हा अर्थ मागाहून आला रे गाढवांनो," सर सांगत. "मूळ अर्थ कोर्टातला. एक मेला, दुसरा त्याच्यामागे जगला आणि इस्टेट त्याची झाली. नुसता श्वास घेतला म्हणून कोणी सर्व्हाइव्ह होत नाही. आधी कुणीतरी जावं लागतं."

वैजनाथराव येऊन गेले त्याच आठवड्यात वाबळे सरांना चक्कर आली आणि गावातल्या दवाखान्यात ठेवलं. निसळ सर रोज सकाळी दहाला भेटायला जाऊ लागले. सोबत दोन मोसंबी. रोज आधी कॉटच्या पायथ्याचा कागद वाचायचे, मग पेशंटकडे बघायचे.

"काय म्हणतेय तब्येत?"

"नाडी पार बैलगाडी झालीय सर. एक ठोका पडला की दुसऱ्याची वाट बघायची," वाबळे हसायचे. "पन शर्यत लावा, अजून शंभर मीटरला तुमच्या पुढं हाय मी."

"ते दिसतंच आहे," निसळ सर म्हणायचे.

चौथ्या दिवशी वाबळ्यांचा मुलगा कानिफनाथ दवाखान्याच्या जिन्यात वाट बघत उभा होता. दहावीला इंग्रजीत बरोबर पस्तीस मिळाले, ते निसळ सरांमुळेच, असं त्याच्या घरात अजून मानतात. तेव्हापासून वाबळ्यांकडे लग्न असो, बोअर असो की पोरीचं कॉलेज, सरांना विचारल्याशिवाय पान हलत नाही.

"सर, डॉक्टर म्हनत्यात आजच नाशिकला हलवा. पेसमेकर बसवला की धा वर्षं बघायला नको. गाडी खाली लावलीय, पैशाचं काय न्हाई. पन आई म्हनती या वयात चिरफाड नको. तुमी सांगाल तसं."

सरांनी चष्मा काढून पुसला. तो स्वच्छच होता.

"कानिफ, माणूस किती जगला यापेक्षा कसा गेला, हे बघावं. आईचं मन मोडू नको."

"व्हय सर."

कानिफनाथने सरांच्या पायांना हात लावला आणि गाडी परत पाठवायला खाली गेला.

आत वाबळे उशीला टेकून बसले होते. "काय ठरलं सर? निघायचं का?"

"नको. इथंच आराम करा."

"तुमी म्हनता तर बरूबरच आसंल," वाबळे म्हणाले आणि मोसंबी सोलायला घेतली. "तुमी हाय म्हनून जिवाला घोर न्हाई."

त्यानंतर तिसऱ्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास, चहाचा कप हातात असताना ते गेले. निसळ सर तेव्हा बाहेरच्या बाकावर बसले होते, हातात दोन मोसंबी.

गोदावरीच्या घाटावर दशक्रियेला प्रवचन झालं, मग श्रद्धांजलीची भाषणं झाली. निसळ सर शेवटी बोलले, चांगलं बोलले. पिंडाला कावळा लगेच शिवला. "काही इच्छा राहिली नव्हती माणसाची," कोणीतरी म्हणालं. सरांनी मान डोलावली.

सुवर्णमहोत्सवाला सर स्टेजवर बसले. पंधरा मिनिटांच्या जागी पस्तीस मिनिटं बोलले; सुपर, विवेरे, फ्रेंच, कोर्ट, सगळं झालं. पाहुणे मोबाईल बघत होते. शाल घालायला कानिफनाथला बोलावलं होतं. तो माईकवर म्हणाला, "आमच्या वडिलांचा शेवट सरांमुळं शांत झाला," आणि रडला. पुष्कळ टाळ्या पडल्या.

मांडवाच्या दाराशी टेबलावर शाळेचं पहिल्या वर्षीचं हजेरीपत्रक काचेखाली मांडलं होतं. त्यात शिक्षकांची आठ नावं आहेत. आठवं नाव रतनबाई औताडे, शिवणकाम. त्या केडगावला लेकीकडे राहतात आणि रोज सकाळी दोन किलोमीटर चालतात.