चार बोटं जमीन

वडनेर भोलजीच्या शिवारात पुंजाजीनं भादव्यात एक पहार ठोकली. काळी माती ओलांडून खालच्या मुरमाला टेकली, तेव्हाच हात थांबवला. जागा त्याच्याच वावराच्या बांधाच्या कडेची, जिथून अब्दुल गनीची बैलगाडी गनीच्या मागच्या वावरात जायची. गनीला दुसरी वाट नव्हती. ही वाट तो दरसाल बोटभर रुंद करतो, असा पुंजाजीला संशय होता. संशय खरा ठरला नव्हता आणि म्हणूनच तो मिटतही नव्हता. पहार जिथं मातीतून वर निघाली, तिथं त्यानं कानशीनं बारीक खूण पाडली. वाट सरकली तर पहार आडवी येईल आणि माती हलली तर खूण बोलेल, असा दुहेरी बंदोबस्त.

चैत्र संपताना तो बघायला गेला. वाट होती तिथंच होती. खूण मात्र जमिनीच्या वर आली होती.

त्यानं बोटं लावली. चार बोटं. महाराष्ट्र झाल्यापासून दुकानात मीटरची पट्टी आली होती, पण पुंजाजीचा भरवसा आपल्या बोटांवर. ती कोणी बदलून आणत नाही. मग त्यानं पहार दोन्ही हातांनी हलवली. हालेना. म्हणजे पहार वर आली नव्हती, माती खाली गेली होती. आणि माती आपल्या पायानं कुठं जात नाही, तिला नेणारा लागतो.

नेणारा त्याला घरी परततानाच दिसला. गनीच्या घराच्या धाब्यावर, म्हणजे मातीच्या सपाट छपरावर, ताजी माती पसरलेली, खाली त्याची गाडी रिकामी उभी, आणि वर तानाबाई माती पायानं दाबत होती. गावातली निम्मी धाबी तिच्याच हातची.

"गनीभाई, माती कुठून आणली हो?" पुंजाजीनं सहज विचारल्यासारखं विचारलं.

"नदीकाठची. काऊन?"

"काही नाही. चांगली दिसून राह्यली."

घरी त्यानं बायकोला, कोकिळाला सांगितलं. ती भाकर थापत होती. मान वर न करता म्हणाली, "मागच्या साली तुमचा संशय जावयावर होता, त्याच्या मागच्या साली कोतवालावर. गनीभाईचा नंबर उशिराच लागला म्हणायचा."

पुंजाजी सरपंच किसनरावांकडे गेला. वाट बंद करायची, काटे टाकायचे. गनीला घाम फुटला. मृगाच्या आत शेणखत वावरात पडलं नाही, तर पेरणी बिनखताच्या मातीवर करायची आणि वर्ष हातचं जायचं. सोमवारी चावडीत बैठक बसली.

"किती वावर हाय तुमचं?" किसनरावांनी विचारलं.

"सहा एकर."

"सहा एकरांची चार बोटं म्हणजे हजारो गाड्या. धाबं एकच. बाकीची माती गनीनं सतरंजीखाली लपवली का?"

लोक हसले. पुंजाजी हसला नाही. "सगळ्या वावराची कोण म्हणते? वाटेच्या कडेकडेनं खरडली. येता-जाता, एकेक टोपलं. कोणाले दिसते?"

गनी उठला. "पाटील, अल्लाची शपथ, तुमच्या वावरातलं ढेकूळसुद्धा नाही उचललं मी."

"शपथ तर सगळेच घेतात बे."

त्यावर तानाबाई दारातून पुढं आली. तिनं एका हातात धाब्यावरची माती आणली होती, दुसऱ्या हातात पुंजाजीच्या वावरातली. दोन्ही भिजवून तिनं तळहातावर वळल्या. वावरातल्या मातीची लांब वळी झाली, आणि ती बांगडीसारखी वाकवली तरी तुटली नाही. धाब्याची दोन बोटांवरच मोडली.

"चाखून पाहा," ती म्हणाली.

किसनरावांनी जिभेला लावली. धाब्याची खारट, वावरातली नाही.

"काळी माती धाब्यावर कोण टाकते, पुंजाजी?" तानाबाई म्हणाली. " उन्हाळ्यात फाटते, पावसात सगळं घर गळते. गनीले चोरीच करायची असती तर त्यानं कामाची माती चोरली असती."

पुंजाजी गडबडला, पण हटला नाही. "मग माझी चार बोटं गेली कुठी?"

"तुमच्याच वावरात हायत. भेगा पडल्या की नाही?"

"पडतेतच."

"माती सुकली की आटते. आडवी आटते ते भेगेत दिसते. उभी बसते ते कोण मोजते? तुम्ही पहिल्यांदा मोजलं, अन् चोर धरला! पहारीभोवती आळं करा, आठ दिवस पाणी द्या. राखण तुम्हीच करा, दुसऱ्यावर तुमचा भरवसा नाही."

किसनरावांनी तेच ठरवलं. आठ दिवस वाट बंद.

पुंजाजीनं आळं खणलं, विहिरीवरून घागरी आणून ओतल्या. पहिल्या दिवशी सगळं पाणी भेगांत गडप झालं. तो दिवसभर बाभळीखाली बसून राही, घरी जाताना ओल्या मातीवर हाताचा पंजा उमटवून जाई; कोणी आणून भर टाकली तर ठसा बुजेल. ठसा रोज शाबूत असे. पाचव्या दिवशी खूण दोन बोटांवर आली. त्याला वाटलं, आपण बोटं वेगळी धरली. सातव्या दिवशी अर्धं बोट उरलं. आठव्या दिवशी माती खुणेला जवळजवळ लागली होती, आणि तिथं पुंजाजीखेरीज कोणाचं पाऊल नव्हतं.

तो गनीच्या दारात गेला. आत गेला नाही. "वाट मोकळी आहे," एवढंच म्हणाला. माफी न मागताच परतला.

दुसऱ्या सकाळी गनीची शेणखताची गाडी आली. पुंजाजी बांधावर होता. गनीनं बैल थांबवले, खाली उतरला, गाडीवरचं गोणपाट बाजूला केलं.

"पाहून घ्या, पाटील."

"काय पाहू? जा ना."

"नाही. जातानी एकदा, येतानी एकदा. तुम्ही पाह्यल्याबिगर चाक हालत नाही माझं."

"गनीभाई, झालं ते झालं..."

"पाहा."

बैल शेपट्या उडवत उभे. गनी वावराकडे तोंड करून थांबला. पुंजाजीची मान शरमेनं खाली गेली, आणि मान खाली गेली तशी नजर गाडीत गेली. हात आपोआप पुढं झाला. त्यानं चिमूटभर उचललं, बोटांत चोळलं, वास घेतला.

शेणखतच होतं.

"हाव," तो पुटपुटला, आणि गनीनं बैल हाकले. येताना गाडी रिकामीच असणार होती. पुंजाजी बांधावरून हलला नाही.