बारापर्यंत फोन करू नका

रस्ता खणणाऱ्यांनी आदल्या दिवशी अख्ख्या गल्लीची इंटरनेटची केबल तोडली, ‘काम चालू आहे’ अशी पाटी ठोकली आणि निघून गेले. कसलं काम चालू? सगळ्यांचं बंद पाडून गेले होते मेले. आणि तिला तर नेमकं आजच, दुपारी बाराच्या आत पाठवायचं होतं.

ती नकाशे काढायची. अकरा वर्षं एका आर्किटेक्टकडे दवाखान्यांचे, शाळांचे, लोकांच्या घरांचे नकाशे काढले. रेघा हिच्या, सही साहेबांची. यंदा सार्वजनिक वाचनालयाच्या इमारतीसाठी खुली स्पर्धा निघाली. साहेबांचं काम आणि घरचं सगळं उरकून, चार महिने मान मोडून तिने चौदा पानांचा आराखडा केला आणि पहिल्या पानावर स्वतःचं नाव घातलं. बारा वाजता स्पर्धेची वेबसाइट बंद होणार होती. एक मिनिट इकडे नाही की तिकडे नाही.

आता सगळी भिस्त तिच्या जुन्या फोनवर. फोन वायरने लॅपटॉपला जोडायचा आणि फोनचं नेट लॅपटॉपला पुरवायचं. घरात रेंज फक्त स्वयंपाकघराच्या खिडकीत, वायर हातभर. शेवटी तिने इस्त्रीचं टेबल खिडकीशी ओढलं, त्यावर लॅपटॉप ठेवला, फोन खिडकीच्या कठड्यावर. दुसरीकडे कुठे जाण्याची सोय नव्हती. लॅपटॉपची बॅटरी कधीच मेली होती, प्लग काढला की पडदा काळा.

फाइल चढायला पंचवीस मिनिटं लागणार होती. पावणेअकराला तिने सुरुवात केली. एक्काहत्तर टक्के झाले आणि फोन वाजला.

नवरा. गोदामात सुपरवायझर होता आणि दिवसभर माणसांना फोन करून ‘झालं का?’ विचारणं हेच त्याचं काम. घरीही तीच सवय.

“झालं का गं?”

“अहो, होत होतं! तुमचा फोन आला की नेट तुटतं. या फोनला एका वेळी एकच जमतं, बोलणं नाहीतर नेट. आता परत शून्यापासून.”

“मग उचलायचा नाही ना.”

“उचलला नाही तरी तुटतं. वाजला की तुटतं! हे बघा, येणारे फोन बंद करायचा कोड सांगा. सिम तुमच्या नावावर आहे, कोड तुमच्याकडेच आहे.”

“तो कुठे आता शोधू? आणि हवा कशाला? मी करतच नाही फोन. तू निवांत पाठव.”

अकरा वाजून गेले होते. तिने पुन्हा सुरू केलं. दहा, वीस, तीस. ती उभी राहून आकड्यांकडे बघत होती. बसली तर मोजणी थांबेल असं काहीतरी तिच्या डोक्यात बसलं होतं. चाळीसला फोन वाजला. सासूबाई.

“अगं, तो म्हणाला तुला फोन करू नको. म्हणून म्हटलं विचारावं, बरी आहेस ना?”

“बरी आहे, आई. ठेवते.”

“भांडलात का?”

तिने ठेवला. पुन्हा शून्य. सव्वाअकरा. अकरा टक्के झाले नाहीत तोच नणंद. हिने न उचलताच कापला, पण व्हायचं ते झालं होतं. लगेच मेसेज आला: ‘वहिनी, आई म्हणते तू रागावली आहेस. का गं?’

तळपायाची आग मस्तकात गेली. साहेबांचे नकाशे पाठवायचे असायचे तेव्हा ऑफिसात एक माणूस दाराशी उभा करायचे, आत कुणी यायचं नाही म्हणून. आणि तिच्या नावाचं काहीतरी जायचं म्हटल्यावर उभ्या खानदानाला तिची खुशाली हवी होती.

या वेळी तुटलेलं नेट परत यायलाच दहा-बारा मिनिटं गेली. अकरा वाजून बत्तीस मिनिटं. शेवटची संधी, मध्ये कुणी कडमडलं नाही तर अकरा सत्तावन्नला होणार. तिने चौथ्यांदा फाइल चढवली आणि हात पाठीमागे बांधून उभी राहिली. पन्नास. सत्तर. फोन गप्प. ऐंशीला तिला वाटलं, कळलं बाबा सगळ्यांना एकदाचं. नव्वद. चौऱ्याण्णव.

फोन वाजला.

पडद्यावरची निळी पट्टी नाहीशी झाली. तिने फोन उचलला.

“ऐक,” नवरा खुशीत होता, “आईला सांगितलं, ताईला सांगितलं, सगळ्यांना चांगलं बजावलंय. बारापर्यंत तुला कुणीही फोन करायचा नाही म्हणजे नाही. आता बिनघोर कर. हॅलो? झालं का?”

“नाही झालं. आता होणारही नाही. चौऱ्याण्णवला होतं. तुमच्या या फोनने तुटलं.”

“माझ्या? अगं, मी तर तुझ्यासाठीच...” मग, गोदामात एखादी गाडी अडकली की जसा मार्ग काढायचा तसा, त्याने मार्ग काढला. “बरं, असं कर. त्या स्पर्धेवाल्यांचा नंबर दे. मी त्यांना फोन करतो.”

“फोन ठेव.”

लग्नाला अठरा वर्षं झाली होती आणि कडाक्याच्या भांडणातही ती त्याला अहो-जाहोच करत आली होती.

“काय म्हणालीस?” त्याने हळूच विचारलं.

“ठेव म्हटलं.”

त्याने ठेवला. बाराला अजून तीन मिनिटं होती.