हस्त सरल्यानंतरचा रविवार

मित्रांनो, उज्जैनमधील एका मराठी घराच्या लाकडी पेटीत वर्षाचा बहुतेक काळ निजून असणारी मी एक जुनी दुलई आहे.

माझे वस्त्र भैरवगढचे. तेथील कारागिरांनी लाकडी ठशांनी माझ्यावर तांबड्या वेली उमटवल्या. देवास गेटजवळच्या पिंजाऱ्याने माझ्या पोटात कापूस भरला आणि या घरच्या आजोबांच्या, म्हणजे तात्यांच्या, लग्नात मी इथे आले. माळव्यातील कितीतरी हिवाळे मी अंगावर घेतले. बारशाच्या दिवशी बाळाला प्रथम माझ्यात गुंडाळावे, असा या घराचा आचार. तात्यांचा मुलगा, पुढे अश्लेषा आणि निहारिका या नाती, सगळे माझ्याच उबेतून पाळण्यात गेले. नंतर बाजारातील मऊ ब्लँकेटे आली आणि माझी आठवण केवळ बारशापुरती उरली.

यंदा अश्लेषेला मुलगी झाली. बारसे चार दिवसांवर आले होते. हस्त नक्षत्र सरले की पाऊस संपला, असे धरून त्यानंतरच्या रविवारी मला गच्चीवर ऊन दाखवायचे, हा तात्यांचा नेम. त्या सकाळी निहारिका म्हणाली, "आजोबा, मोबाइलवर भारी पावसाचा अलर्ट आहे. आधी पाऊस, मग एकदम थंडी."

"हस्त सरला, बेटा. तुझ्या मोबाइलला नक्षत्रं कळतात का?"

"त्याच्याकडे सॅटेलाइट आहे ना, आजोबा."

"तात्या, निदान व्हरांड्यात तरी घाला," सूनबाई जयू म्हणाल्या.

"दुलईला गच्चीचंच ऊन लागतं," असे म्हणून तात्यांनी मला दोरीवर पसरले. मग बाळबाळंतिणीला आणण्यासाठी सगळे इस्पितळात गेले.

दुपारी आभाळ काळवंडले. धारा कोसळू लागल्या तेव्हा घरी कोणीही नव्हते. माझा कापूस भिजून त्याचे गोळे झाले. दोरी तुटली आणि मी गच्चीवर साचलेल्या गढूळ पाण्यात पडले.

संध्याकाळी जयूताई मला पाहून हळहळल्या. "राहू द्या आता, तात्या. टावर चौकातून नवीन आणू."

तात्यांनी माझे एक टोक पिळून पाणी काढले. मग म्हणाले, "पोर सांगत होती. मीच ऐकलं नाही."

दुसऱ्या दिवशीही पाऊस होता. तात्यांनी चष्मा पुसून माझा एकेक टाका उसवला. कापूस घरातच, पंख्याखाली पसरला. मग त्यांनी नातीला हाक मारली. "निहारिका, विचार तुझ्या सॅटेलाइटला. ऊन कधी?"

"उद्या दिवसभर. रात्रीपासून मात्र चांगलीच थंडी."

"मग उद्याच," तात्या म्हणाले. त्यांनी पंचांग उघडलेही नाही.

अंदाज खरा ठरला. उन्हात कापूस सुटा झाला, पिंजाऱ्याने तो पुन्हा पिंजला; पण निम्माच कामाचा निघाला. माझ्या वेलींचा रंग मात्र धुतल्यावरही उडाला नव्हता. जयूताईंनी खराब कडा कापून मला शिवले. मी लहान झाले, नेमकी एका बाळापुरती.

बारशाच्या सकाळी बोचरे वारे सुटले होते. अश्लेषेने मुलीला माझ्यात गुंडाळले, तेव्हा तात्यांनी माझी एक कड हलकेच चाचपली. "कोरडी आहे ना?" त्यांनी निहारिकेला विचारले.

"अगदी कोरडी, आजोबा."

मित्रांनो, तुमच्या घरीही एखादी जुनी दुलई पेटीत वाट पाहत असेल. तिला ऊन अवश्य दाखवा. मात्र त्याआधी घरातल्या लहानांना विचारा, आज पाऊस आहे का. आणि त्यांनी सांगितलेले ऐका.